राजाच्या तोंडचे शब्द

एकोणिसाव्या शतकात स्वीडनच्या गावकारभारात माणसे मोजत नसत, मिळकत मोजत. ज्याचा कर जास्त त्याची मते जास्त; कारखान्यांना आणि कंपन्यांनाही मते असत. १८७१ मध्ये हिशेब मांडला तेव्हा ५४ गावे अशी निघाली, जिथे निम्म्याहून अधिक मते एकाच मतदाराच्या हातात होती. उरलेला गाव मतदानाला आला काय, न आला काय, निकाल ठरलेला. संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी एकाला एकच मत होते, पण तो पुरुष असावा लागे आणि त्याच्यापाशी ठरावीक किमतीची जमीन किंवा वर्षाला किमान ८०० क्रोनरची मिळकत असावी लागे. वरिष्ठ सभागृहाचे सदस्य प्रांतिक मंडळे निवडत, आणि त्या मंडळांची मुळे पुन्हा गावच्या त्याच मतमोजणीत असत.

या सगळ्याच्या वर राजा. १८०९ च्या राज्यघटनेत राज्य चालवण्याचा अधिकार एकट्या राजाला दिलेला होता. मंत्री तो नेमी आणि ते त्याचे सल्लागार म्हणून काम करीत. संसदेचा विश्वास गमावलेल्या मंत्र्याने घरी जावे, असे घटनेत कुठेही लिहिलेले नव्हते.

देश मात्र झपाट्याने बदलत होता. उत्तरेत कीरुनाच्या डोंगरातून लोहखनिज निघू लागले, नद्यांच्या मुखांशी लाकूड कापण्याचे कारखाने उभे राहिले, स्टॉकहोमच्या घराघरांत टेलिफोन वाजू लागले. तरी पोट भरत नव्हते म्हणून माणसे बाहेर पडत होती. १९०० च्या सुमारास स्वीडनची लोकसंख्या एक्कावन्न लाखांच्या आसपास होती, आणि १८५० ते १९३० या काळात बारा लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले, त्यांतले बहुतेक अमेरिकेला. मागे राहिलेल्यांनी संघटना बांधल्या. १८८९ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निघाला, १८९८ मध्ये कामगार संघटनांचा महासंघ. मे १९०२ मध्ये मताधिकाराच्या मागणीसाठी कामगारांनी तीन दिवस देशभर काम बंद ठेवले.

राज्य कोणाचे, हा प्रश्न पुढच्या पंधरा वर्षांत सुटला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे श्रेय पक्षांना आणि पुढाऱ्यांना मिळते. पण स्वीडनमध्ये ही लढाई बऱ्याच अंशी लेखकांनी लढवली, आणि ती दोन्ही बाजूंनी लढवली.

ठिणगी पडली नॉर्वेवरून. १८१४ पासून दोन्ही देश एकाच राजाखाली होते. ७ जून १९०५ रोजी नॉर्वेच्या संसदेने हे नाते संपल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये तिथे सार्वमत झाले. विलग होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते पडली, विरोधात फक्त १८४. स्वीडनमध्ये युद्धाची भाषा सुरू झाली, दोन्हीकडून सैन्य सीमेवर गेले. सोशल डेमोक्रॅटांचे नेते याल्मार ब्रांटिंग यांनी राजाने नॉर्वेपासून हात दूर ठेवावेत असे बजावले, आणि शस्त्रे खाली ठेवा असे सांगणाऱ्या जाहीरनाम्यापायी त्यांच्या पक्षाचा तरुण कार्यकर्ता झेट हेग्लुंड तुरुंगात गेला. अखेर कार्लस्टाड शहरात वाटाघाटी होऊन सप्टेंबरमध्ये समझोता झाला. रक्त सांडले नाही. पण उजव्या गोटात अपमानाची भावना घर करून राहिली.

या अपमानावर उतारा म्हणून एक मेलेला राजा पुन्हा उभा करण्यात आला. बारावा कार्ल १७१८ मध्ये नॉर्वेच्या एका किल्ल्याच्या वेढ्यात गोळी लागून मेला होता. त्याआधी १७०९ मध्ये पोल्टावाच्या लढाईत रशियाने त्याचा धुव्वा उडवला आणि स्वीडनचे मोठेपण तिथेच संपले. तरीही स्टॉकहोमच्या राजउद्यानात १८६८ पासून त्याचा पुतळा उभा होता, एका हातात उपसलेली तलवार आणि दुसऱ्या हाताचे बोट पूर्वेकडे, रशियाच्या दिशेने. कवी वेर्नर फॉन हेइडेनस्टाम यांनी शतक संपता संपता या राजाच्या सैनिकांवर कथांचे पुस्तक लिहिले आणि पराभवालाच तेज चढवले. गंमत म्हणजे याच हेइडेनस्टाम यांनी १८९९ मध्ये पैशावर नागरिकत्व मोजण्याच्या पद्धतीवर कडक कविता लिहिली होती. दहा वर्षांत ते उजव्या गोटाचे मानाचे कवी झाले.

रशियाची भीती नुसती कल्पनेतली नव्हती. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनचाच भाग होता. आता तो झारच्या ताब्यात होता, आणि १८९९ पासून तिथल्या लोकांचे हक्क एकेक करून काढून घेतले जात होते. मात्र भीती एकदा पसरली की तिला धरबंध राहत नाही. करवतींना धार लावून देणारे रशियन कारागीर त्या काळी स्वीडनच्या खेड्यापाड्यांतून हिंडत. हे झारचे हेर आहेत, रस्ते आणि पूल टिपून नेतात, अशी कुजबुज सुरू झाली, आणि पाहता पाहता वर्तमानपत्रांनी ती बातमी केली.

दरम्यान डिसेंबर १९०७ मध्ये म्हातारा राजा दुसरा ऑस्कर वारला. मुलगा पाचवा गुस्ताव गादीवर आला. त्याने राज्याभिषेक करून घेतला नाही. साधा राजा, नव्या युगाचा राजा अशी त्याची ख्याती झाली. पण राजाचा अधिकार हा विषय निघाला की तो बापाइतकाच जुन्या मताचा होता, आणि जर्मनीतल्या बाडेनच्या राजघराण्यातून आलेली राणी व्हिक्टोरिया त्याहून अधिक.

१९०९ साल स्वीडनला दोन टोकांवर घेऊन गेले. पंतप्रधान आर्विद लिंडमन हे आरमारातले, उजव्या पक्षाचे. त्यांनीच मताधिकाराची सुधारणा मंजूर करून घेतली. २४ वर्षांवरील बहुतेक पुरुषांना कनिष्ठ सभागृहासाठी मत मिळाले, सोबत प्रमाणशीर प्रतिनिधित्व आले, म्हणजे उजव्यांचा अगदीच सफाया होऊ नये याची तजवीज. स्त्रिया बाहेरच राहिल्या. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मजुरीच्या वादातून महासंप सुरू झाला. सुमारे तीन लाख कामगार घरी बसले. सरकारने दारूविक्री बंद केली. छापखान्यांतले कामगारही संपात उतरल्यावर नेहमीची वर्तमानपत्रे निघेनाशी झाली, आणि संपकऱ्यांनी 'स्वारेत', म्हणजे 'उत्तर', नावाचे स्वतःचे पत्र काढले. महिनाभराने संप मोडला. मालकांपुढे कामगार हरले, अनेकांना कामावर परत घेतले नाही, आणि दोन-तीन वर्षांत महासंघाची सदस्यसंख्या निम्म्यावर आली. हरलेल्यांतले कितीतरी जण बोटीत बसून अमेरिकेला निघून गेले.

१९०९ च्याच डिसेंबरात सेल्मा लागरलोफ यांना साहित्याचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शाळकरी मुलांना देशाचा भूगोल कळावा म्हणून शिक्षकांच्या संघटनेने त्यांच्याकडून पुस्तक मागितले होते. त्यांनी एका खोडकर मुलाला हंसाच्या पाठीवर बसवून सगळा स्वीडन दाखवून आणला. पारितोषिक मिळाले त्या वेळी लागरलोफ यांना संसदेसाठी मत देण्याचा अधिकार नव्हता. १९११ च्या जूनमध्ये स्त्री-मताधिकाराची आंतरराष्ट्रीय परिषद स्टॉकहोमला भरली, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरून शांतपणे मांडणी केली: घर ही स्त्रियांची निर्मिती, राज्यसंस्था ही पुरुषांची, पहिली निर्मिती बरीच यशस्वी झाली, दुसरी एकट्या पुरुषांना जमलेली नाही.

ज्यांना नोबेल कधीच मिळाले नाही, ते ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग या सुमारास साठी ओलांडलेले, आजारी, तीन लग्ने मोडलेले होते आणि द्रॉटनिंगगातान रस्त्यावरच्या 'निळा मनोरा' नावाच्या इमारतीत एकटे राहत होते. त्यांच्या नाटकांसाठी काढलेले १६१ खुर्च्यांचे छोटे नाट्यगृह कर्जात बुडत चालले होते. २९ एप्रिल १९१० रोजी एका सायंदैनिकात त्यांचा लेख आला. मथळा होता 'फारोपूजा'. बाराव्या कार्लची पूजा म्हणजे देशाला बुडवणाऱ्याची पूजा, असा त्यांचा सूर. तिथून जे सुरू झाले त्याला स्वीडिश वाङ्मयात 'स्ट्रिंडबर्ग-वाद' म्हणतात. दोन वर्षे तो चालला. शेकडो लेख निघाले, वर्तमानपत्रे दोन गटांत वाटली गेली. स्ट्रिंडबर्गनी राजा, सैन्य, नोबेल देणारी स्वीडिश अकादमी, कोणाला सोडले नाही; हेइडेनस्टामना त्यांनी फुगवलेला कवी ठरवले. हेइडेनस्टामनी १९११ मध्ये उलट पुस्तिका लिहून स्ट्रिंडबर्ग आणि त्यांच्या चाहत्यांच्या 'कामगारी तत्त्वज्ञाना'चे वाभाडे काढले.

स्ट्रिंडबर्गचा दुसरा बळी होता स्वेन हेडिन. तिबेटचा प्रवासी म्हणून हेडिनचे नाव जगभर गाजत होते. १९०६ मध्ये ब्रिटिश सरकारची परवानगी नसताना तो लेहमार्गे तिबेटात घुसला आणि १९०८ मध्ये सिमल्याला उतरून खुद्द व्हाइसरॉय मिंटोचा पाहुणा झाला. स्वीडनमध्ये सरदारकी मिळालेला तो शेवटचा माणूस. हेडिनने शोधलेले म्हणून जे मिरवले जाते ते जुन्या नकाशांवर आधीच आहे, असे स्ट्रिंडबर्गचे म्हणणे. त्यात अतिशयोक्ती बरीच होती. पण भांडण नकाशांचे नव्हतेच.

१९११ च्या निवडणुकीत नव्या मतदारांनी हात दाखवला. २३० जागांपैकी उदारमतवाद्यांना १०२, उजव्यांना आणि सोशल डेमोक्रॅटांना प्रत्येकी ६४. उदारमतवादी नेते कार्ल स्टाफ पंतप्रधान झाले. वकिली पेशातला, रुक्ष, हिशेबी माणूस. मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार असले पाहिजे, राजाला नव्हे, हे त्यांचे आयुष्यभराचे म्हणणे. आल्या आल्या त्यांनी आधीच्या संसदेने मंजूर केलेल्या एका चिलखती युद्धनौकेचे काम थांबवले; आधी खर्च तपासू, मग बांधू.

हेडिनला हेच हवे होते. जानेवारी १९१२ मध्ये त्याने 'इशारा' ही पुस्तिका लिहिली. रशिया येतोय, स्वीडन झोपला आहे, हे तिचे सार. तिच्या दहा लाख प्रती छापून वाटण्यात आल्या. जेमतेम पंचावन्न लाख लोकांच्या देशात हा आकडा केवढा होता हे सांगायला नको. पाठोपाठ मानफ्रेड ब्योर्कविस्ट या तरुण धर्मशास्त्र्याने हाक दिली: सरकार नौका बांधत नाही, तर लोक बांधतील. सुमारे सव्वा कोटी क्रोनर लागणार होते. तीन महिन्यांच्या आसपास दीड कोटीहून अधिक जमले. सरकारला ही भेट नाकारता आली नाही. 'स्वीडन' नावाची ती नौका १९१५ मध्ये पाण्यात उतरली.

डावीकडूनही वर्गणी निघाली होती, लेखकासाठी. २२ जानेवारी १९१२ ला स्ट्रिंडबर्ग त्रेसष्ट वर्षांचे झाले. त्या रात्री हजारो कामगार मशाली आणि लाल झेंडे घेऊन निळ्या मनोऱ्यापाशी आले. धाकट्या मुलीसह ते सज्जात उभे राहिले. पुढे मार्चमध्ये ब्रांटिंग यांनी लोकांकडून गोळा झालेले सुमारे ४५,००० क्रोनर त्यांच्या हाती दिले. देणाऱ्यांत संपात पोळलेले कामगार पुष्कळ होते. अकादमीने जे दिले नाही ते लोकांनी दिले, असे वर्तमानपत्रे लिहू लागली. स्ट्रिंडबर्गनी त्यातली बरीच रक्कम वाटून टाकली. हेडिनच्या 'इशाऱ्या'लाही त्यांनी पुस्तिकेनेच उत्तर दिले. तिच्या नावात झारचा जासूद होता आणि करवतीला धार लावणाराही, म्हणजे खरा रशियाचा हस्तक कोण असेल याकडे त्यांनी मिस्कीलपणे बोट दाखवले.

पोटाच्या कर्करोगाने १४ मे रोजी ते गेले. बघ्यांची गर्दी नको म्हणून अंत्ययात्रा सकाळी आठला काढा, असे त्यांनी सांगून ठेवले होते. १९ मेच्या सकाळी आठला स्टॉकहोमचे रस्ते भरून गेले. विद्यार्थी, नट, खासदार, कामगार संघटनांचे लाल झेंडे, आणि राजाचा चित्रकार भाऊ राजपुत्र यूजेन. अंत्यविधी केला नाथान सेडरब्लॉम यांनी, जे दोनच वर्षांनी देशाचे आर्चबिशप होणार होते.

स्ट्रिंडबर्ग गेल्यावर मैदान हेडिनला मोकळे झाले. स्टाफ यांच्याविरुद्धचा द्वेष इतका वाढला की त्यांच्या चेहऱ्याच्या आकाराची राखदाणी बाजारात आली. सिगार विझवायची ती त्यांच्या तोंडावर. डिसेंबर १९१३ मध्ये कार्ल्सक्रोना इथल्या भाषणात स्टाफ यांनी संरक्षणखर्च वाढवण्याची तयारी दाखवली, पण पायदळाच्या सैनिकांचा प्रशिक्षणकाळ वाढवायचा की नाही हे निवडणुकीनंतर ठरेल असे सांगितले. मतदारांना दिलेला शब्द मोडायचा नाही, ही त्यांची अट. उजव्यांच्या लेखी तो देशद्रोह होता.

उप्सालाच्या बाजूचा शेतकरी उनो न्यूबर्ग आणि व्यापारी यार्ल फ्रूकबर्ग यांनी शेतकऱ्यांनी राजाला जाऊन भेटावे असा घाट घातला. ६ फेब्रुवारी १९१४ रोजी तीस हजारांहून अधिक शेतकरी आगगाड्यांनी राजधानीत उतरले. काळे कोट, आपापल्या प्रांतांचे झेंडे. चर्चमध्ये प्रार्थना करून रांगेने ते राजवाड्यावर आले आणि आतल्या चौकात उभे राहिले. न्यूबर्गने निवेदन वाचले. राजा पायऱ्यांवर आला आणि त्याने भाषण केले. सैन्याचा प्रश्न पुढे ढकलण्याचे मत मला मान्य नाही, सगळी तयारी एकाच वेळी आणि आत्ताच व्हायला हवी, असे तो म्हणाला. सैन्याचा उल्लेख त्याने 'माझे सैन्य' असा केला. स्वतःच्याच पंतप्रधानाच्या धोरणाला त्याने भर चौकात खोडून काढले होते, आणि तेही मंत्रिमंडळाची संमती न घेता.

भाषण राजाने लिहिलेले नव्हते. मसुदा हेडिनचा होता, आणि कार्ल बेन्नेडिश या लष्करी अधिकाऱ्याने त्याला हातभार लावला होता. बाराव्या कार्लच्या मोहिमांवर लिहिणारा तोच बेन्नेडिश. पुतळ्यावरून चार वर्षांपूर्वी सुरू झालेले भांडण शेवटी राजाच्या तोंडून बाहेर पडले.

दोन दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, सुमारे पन्नास हजार कामगार स्टाफ यांना पाठिंबा द्यायला रस्त्यावर आले. पुढे ब्रांटिंग होते. ऐन तरुणपणी खगोलशास्त्र सोडून वर्तमानपत्राकडे वळलेले, एका लेखापायी तुरुंग पाहिलेले, आणि लहानपणी राजा गुस्तावच्याच शाळेत शिकलेले. स्टाफ यांनी राजाकडे एवढेच मागितले, की इथून पुढे मंत्र्यांना न सांगता राजकीय भाषण करू नये. आपल्या प्रजेशी मोकळेपणी बोलण्याचा हक्क मी सोडणार नाही, असे राजाचे उत्तर आले. १० फेब्रुवारीला स्टाफ यांनी राजीनामा दिला. राजाने उप्सालाचे गव्हर्नर याल्मार हामरशोल्ड यांना बोलावले. संयुक्त राष्ट्रसंघाचे पुढे सरचिटणीस झालेले दाग हे त्यांचे धाकटे चिरंजीव, तेव्हा आठ वर्षांचे.

राजा जिंकला होता. फेरनिवडणुकीत उदारमतवाद्यांच्या जागा १०२ वरून ७१ वर आल्या. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले तेव्हा संरक्षणाचा प्रश्न वादाचा उरलाच नाही. हवी ती तरतूद संसदेने मंजूर केली. मात्र सप्टेंबर १९१४ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट ८७ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष झाले. स्टाफ १९१५ च्या ऑक्टोबरात वारले. हेइडेनस्टाम यांना १९१६ चे नोबेल मिळाले.

ज्या युद्धाची हेडिनने भविष्यवाणी केली ते स्वीडनमध्ये आलेच नाही. आली ती टंचाई. तटस्थ राहूनही हामरशोल्ड यांनी इंग्लंडशी व्यापाराचा करार होऊ दिला नाही, समुद्रमार्ग अडले, १९१६ चे पीक बुडाले. १९१७ च्या सुरुवातीला पाव शिधापत्रिकेवर आला. लोकांनी पंतप्रधानांच्या आडनावात 'भूक' घालून त्याचे 'हुंगरशोल्ड' केले. मार्चमध्ये ते सत्तेवरून गेले, पण भूक गेली नाही. एप्रिलमध्ये किनाऱ्यावरच्या वेस्टरव्हिक गावात कामगार आणि बायका पाव आणि बटाट्यांसाठी रस्त्यावर उतरल्या, आणि ते लोण गावोगाव पसरले. त्याच महिन्यात स्वित्झर्लंडहून रशियाला निघालेला लेनिन एक दिवस स्टॉकहोमला थांबला आणि दुकानातून नवे कपडे घेऊन पुढे गेला. ५ जूनला ब्रांटिंग संसदेत घटनादुरुस्तीबद्दल सरकारला प्रश्न विचारत असताना बाहेर गुस्ताव आडोल्फ चौकात जमाव लोटला होता. घोडेस्वार पोलिसांनी तलवारी उपसून तो पांगवला.

सप्टेंबरच्या निवडणुकीत उजव्यांच्या जागा ८६ वरून ५९ वर घसरल्या. राजाने उजव्यांना किंवा सर्वपक्षीय सरकारला सत्तेवर आणण्याची खटपट करून पाहिली, ती जमली नाही. १९ ऑक्टोबर १९१७ रोजी इतिहासाचे प्राध्यापक असलेले उदारमतवादी नील्स एडेन पंतप्रधान झाले. ब्रांटिंग अर्थमंत्री. सत्तेवर येण्याआधीच एडेन यांनी राजाकडून वदवून घेतले, की तो सरकारच्या धोरणाविरुद्ध वागणार नाही आणि पडद्याआडच्या सल्लागारांचे ऐकणार नाही. स्टाफ यांना जे मिळाले नव्हते ते मिळाले. त्यानंतर संसदेच्या मनाविरुद्धचे मंत्रिमंडळ कोणत्याही राजाने नेमले नाही. घटनेतला १८०९ चा मजकूर मात्र जवळपास साठ वर्षे तसाच राहिला. नवी घटना १९७५ मध्ये अमलात आली.

स्त्रियांना अजून वर्षभर थांबावे लागले. १९१२ मध्ये स्टाफ सरकारने आणलेले विधेयक वरिष्ठ सभागृहाने पाडले होते. १९१४ च्या सुरुवातीला सुमारे साडेतीन लाख स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज सादर झाला, पण शेतकऱ्यांच्या मोर्चाच्या धामधुमीत तो मागे पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीचा कैसर पळाला, क्रांतीचे वारे स्टॉकहोमपर्यंत पोहोचले, आणि वरिष्ठ सभागृहातल्या उजव्यांनी माघार घेतली. १७ डिसेंबरला गावकारभारातली मिळकतीनुसार मते रद्द करण्याचे आणि स्त्री-पुरुषांना समान मत देण्याचे ठरले. १९२० च्या मार्चमध्ये ब्रांटिंग पंतप्रधान झाले.

सप्टेंबर १९२१ मध्ये स्त्रियांनी संसदेसाठी पहिल्यांदा मत दिले. पाच जणी निवडून आल्या: कारखाना निरीक्षक केर्स्टिन हेसेलग्रेन वरिष्ठ सभागृहात, कनिष्ठ सभागृहात जमीनदारीण एलिझाबेथ टाम, शिवणकाम करून घर चालवलेल्या आग्दा ओस्टलुंड, छायाचित्रकार नेली त्युरिंग आणि परिचारिका बर्टा वेलिन. सरकारी गरीबनिधीवर जगणाऱ्यांना आणि दिवाळे निघालेल्यांना त्या निवडणुकीतही मत नव्हते. ती अट १९४५ मध्ये निघाली.